कागदावरचा सोलो

ताई : वाजवलंस की नाही, एवढंच विचारतेय मी. हो किंवा नाही.

धाकटा : वाजवलं. थोडं.

ताई : थोडं म्हणजे? रविवारी दुपारी बसले की दिवे लागेपर्यंत उठत नाहीत ती माणसं. अख्खा संसार त्या रविवारांशी केलाय मी, मला नको सांगूस. आणि तू तासाभरात परत?

धाकटा : ताई, बसू का?

ताई : विचारतोस काय? सुटून तीन आठवडे झाले तरी खुर्चीवर बसायला परवानगी मागतो हा! बस. आधी ती गिटार दारातून आत घे, कुणाच्या तरी पायात येईल.

धाकटा : तू इस्त्री करून घे. मग बोलू.

ताई : इस्त्री मी हाताने करते, कान मोकळेच आहेत. डॉक्टरांचे एप्रन आहेत, सकाळी दवाखान्यात लागतात. तू बोल. कोण कोण होतं?

धाकटा : मिस्त्री होते, ड्रमवर. आणि ते चष्मेवाले मास्तर, बास वाजवणारे. बस, दोघंच. मिस्त्रींच्या फर्निचरच्या कारखान्यातली कपाटं भिंतीला सारून जागा केली होती. सगळीकडे भुसा. भावजींची खुर्ची अजून तिथेच आहे.

ताई : असेल.

धाकटा : तिच्यावरच बसवलं मला. मी म्हटलं, दुसरी द्या हो. तर मिस्त्री म्हणतात, ज्याच्या हातात गिटार त्याची ती खुर्ची. आणि म्हणाले, हे बघ, तुला माफबिफ करायला बोलावलेलं नाही. सहा वर्षं आम्ही दोघंच बडवत बसलोय, गिटारवाला मिळत नाही म्हणून बोलावलंय.

ताई : त्याच्या जिभेला हाड कधी नव्हतंच. खांदा द्यायला मात्र सगळ्यात पुढे होता. बरं, मग?

धाकटा : मग विचारलं, काय येतं तुला? मी म्हटलं, भावजींचं निळं पुस्तक. कुठलंही पान सांगा. मास्तरांना खरं वाटेना. म्हणाले, त्यातले जॅझचे सगळे सोलो? कुणीतरी जन्म घालवून ऐकून ऐकून एकेक सूर उतरवलाय त्यात, आणि तुला ते सगळे पाठ? मी म्हटलं, सगळे. आणि जाड पुस्तकातले अर्धे. ताई, मी इतका ताठ बसलो होतो ना तिथे. किती दिवसांनी कुणीतरी मला असं काही विचारत होतं, ज्याचं उत्तर द्यायला लाज वाटू नये.

ताई : मग शेण कुठे खाल्लंस?

धाकटा : मिस्त्रींनी चार मोजले आणि दोघं सुरू झाले. मीही सुरू झालो. पहिल्याच ओळीत कळलं की काहीतरी फाटतंय. सूर बरोबर होते, एक इकडचा तिकडे नाही. पण ते दोघं एका रस्त्याने चाललेले आणि मी दुसऱ्याच. मला वाटलं, घाबरलोय. म्हणून आणखी जोरात वाजवलं. मग मिस्त्रींनी काठ्या मांडीवर ठेवल्या.

ताई : थांबवलं?

धाकटा : म्हणाले, एकट्याने वाजव. वाजवलं. मास्तर खिडकीतून बाहेर बघायला लागले. आणि मिस्त्रींनी विचारलं, तू हे कधी ऐकलंयस का? मी म्हटलं, काय? म्हणाले, हेच रे. जे वाजवतोयस ते. ज्यानं मुळात वाजवलं त्याचं. ताई, इस्त्री उचल. एप्रन जळेल.

ताई : नाही जळत. तू काय म्हणालास?

धाकटा : खरं ते सांगितलं. आत कुठून ऐकणार? पुस्तकं होती, आणि तू नेटवरनं फुकटचे धडे छापून आणायचीस ते कागद. त्या कागदांची गंमत सांगितली त्यांना. जागोजागी एक काळी चौकट, आणि खाली छापलेलं, हा व्हिडिओ बघा. मी त्या चौकटींना रोज नमस्कार करायचो म्हटलं. आमच्या बराकीतला म्हातारा मला चिडवायचा, अरे, लाव की तुझा टीव्ही, आम्हीपण बघतो. ह्यावर हसतील असं वाटलं होतं मला. कुणी हसलं नाही.

ताई : त्यात हसण्यासारखं काय आहे?

धाकटा : मग मास्तरांनी समजावलं. त्यांना आयुष्यभर पोरांना शिकवायची सवय, बिचारे हळू आवाजात सांगत होते. कागदावर दोन ठिपके सारखे छापतात ना, ते सारखे वाजवायचे नसतात. पहिला थोडा रेंगाळतो आणि दुसरा मागून उडी मारून त्याला गाठतो. सगळ्या जगाला ते ऐकून ठाऊक असतं, म्हणून कुणी तसं लिहीत बसत नाही. पानाच्या कोपऱ्यात नुसतं ‘स्विंग’ एवढं लिहितात. मी म्हटलं, मला वाटलं ते पुस्तकाचं नाव असेल, म्हणून पानोपानी आहे.

ताई : देवा.

धाकटा : सहा वर्षं, ताई. सकाळी गिटार मिळायची, संध्याकाळी जमा करायची. तारा मोजून द्यायचे, मोजून परत घ्यायचे, कुणी गळ्याभोवती आवळू नये म्हणून. मी एका सुराचाही आळस केला नाही. खट खट खट खट, सगळे सारखे. गस्तीचा शिपाई चालतो तसं. मास्तर म्हणाले, असं वाजवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे वाईट अर्थाने नव्हते म्हणत. त्यांना खरंच नवल वाटत होतं.

ताई : पाणी देऊ?

धाकटा : मग मिस्त्रींनी फोनवर मूळ रेकॉर्डिंग लावलं. बाविसाव्या पानावरचं. मला पाठ असलेलं. ते कसं होतं सांगू? माणूस चालत येतोय घरी, घाई नाही त्याला, वाटेत दोघांशी बोलतोय. मी भुशात उकिडवा बसून ऐकलं.

ताई : पाणी पी आधी.

धाकटा : नको. मला एक विचारायचंय तुला.

ताई : विचार ना मग. कुणी धरलंय?

धाकटा : मिस्त्री म्हणाले, तुझ्या बहिणीने त्याच्या सीडी दिल्या नाहीत तुला? दोन खोकी होती. मीच बांधून घरी पोचवली, तेराव्याच्या आत. ताई, आत वाचनालयात सीडी प्लेअर होता. मी भेटीच्या दिवशी सांगितलं होतं तुला. एकदा नव्हे, दोनदा नव्हे. तू म्हणालीस, रद्दीवाल्याला दिल्या.

ताई : म्हणाले.

धाकटा : दिल्या होत्यास?

ताई : माळ्यावर आहेत. पलंगाच्या वरच्या. तू ज्याखाली झोपतोस.

धाकटा : का गं?

ताई : का गं म्हणे! तूच सांग ना. कोर्टात तुझ्या तोंडाने सांगितलंस, मी तिसऱ्या बाकावर बसून ऐकलं. गाडीत सीडी चालू होती. तुला मॅचची कॉमेंटरी ऐकायची होती. पिऊन तर्र होतास, तरी गाडी मीच चालवणार म्हणून किल्ली हिसकून घेतलीस. तो म्हणाला, राहू दे रे, एवढा सोलो संपू दे. आणि तू ते बंद करायला हात पुढे केलास.

धाकटा : हो.

ताई : वळणावर.

धाकटा : हो, ताई.

ताई : मग तेच तुला आत सीडीवर आणून देऊ? की बाबा, तेव्हा तुला ऐकायचं नव्हतं ना, घे आता निवांत ऐक, तुला भरपूर वेळ आहे?

धाकटा : मग पुस्तकं का दिलीस?

ताई : त्या मॅडमनी फोन केला होता, तुझ्या तुरुंगातल्या. तुमचा भाऊ जेवत नाही, बोलत नाही, आम्हाला त्याचं लक्षण ठीक दिसत नाही, त्याच्या हाताला काहीतरी द्या. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तू काही करून घेतलं असतंस तर तिला काय सांगणार होते मी? कपाट उघडलं तर समोर तीच पुस्तकं. मला ती घरात नकोच होती. म्हटलं, बस म्हणावं जन्मभर ह्याचीच अक्षरं गिरवत.

धाकटा : शिक्षा म्हणून.

ताई : शिक्षा म्हणून. कोर्टाने दिलेली मला पुरली नाही. तू कामात राहावंस असं वाटत होतं, सुखात राहावंस असं वाटत नव्हतं. आता कळलं? आणखी काही विचारायचंय?

धाकटा : मी ती भेट समजलो होतो. म्हटलं, ताईनं भावजींची पुस्तकं माझ्या हातात दिली म्हणजे थोडं तरी... मी पुस्तकाला कागद घातले होते वरून. डाग पडू नयेत म्हणून.

ताई : पाहिले मी ते कागद.

धाकटा : आणि हे तीन आठवडे? मी रोज आत बसून वाजवतोय. तू भावजींचं सगळं ऐकलेलं. मी चुकतोय हे तुला कळत असणार.

ताई : पहिल्या दिवशीच कळलं.

धाकटा : आणि बोलली नाहीस.

ताई : तू दार लावलंस आणि त्याची गिटार जुळवायला घेतलीस, तेव्हा मी ओट्याला धरून उभी होते. म्हटलं आता हा वाजवेल, आणि आता तो येईल ह्या घरात. तू सुरू केलंस. त्याचे सूर, त्याचं पुस्तक, त्याची गिटार, आणि तो नव्हताच रे त्यात कुठे. औषधाला सुद्धा नव्हता. इतकं हायसं वाटलं मला! मी शांतपणे भांडी घासली. त्या दिवशी ठरवलं, राहू दे ह्याला.

धाकटा : म्हणून फोनवर गाणं लावायचं नाही म्हणालीस. आणि मला मात्र खुशाल वाजवू दिलंस.

ताई : म्हणून. तू चुकीचं वाजवतोस, म्हणून मी तुला ह्या घरात सहन करू शकते. झालं समाधान? सांगणार नव्हते कधी. तूच काढलंस.

धाकटा : मी लहानपणी तुझ्या वेणीची रिबीन चोरली तरी तू मला सांगून मारायचीस. कान धरून, कारण सांगून. हे असं कधी केलं नव्हतंस.

ताई : तेव्हा रिबीन होती.

धाकटा : मिस्त्रींनी काम देऊ केलंय.

ताई : कसलं?

धाकटा : कारखान्यात. लाकूड घासायचं, पॉलिश करायचं. मागे एक खोली आहे, तिथे राहायचं आणि राखण पण करायची. आणि म्हणाले, पुस्तकं बांधून ठेव. सहा महिने गिटारला हात लावू नकोस, नुसतं ऐक. मग मी शिकवतो कसं चालायचं ते. हात तयार आहेत तुझे, म्हणाले, कान कोरा आहे.

ताई : तू काय म्हणालास?

धाकटा : म्हटलं, ताईला विचारतो.

ताई : मला कशाला? घोड्याएवढा झालास.

धाकटा : कारण बरोबर शिकलो तर इथे वाजवता यायचं नाही. हो की नाही?

ताई : नाही यायचं.

धाकटा : आणि राहता?

ताई : तू वाजवल्याशिवाय राहशील होय? तुझी बोटं झोपेतसुद्धा चादरीवर चालतात. मी पाहिलंय.

धाकटा : मग मी नाही शिकत. सांगतो मिस्त्रींना. आहे ते आहे. आई गेली, मला यायला सुद्धा मिळालं नाही. तू एकटी उरलीयस मला. मी असंच वाजवेन, खट खट खट खट, आयुष्यभर. कुणाला ऐकवायचंय मला? मला इथे राहायचंय, ताई.

ताई : खरं बोलतोयस?

धाकटा : तुझी शपथ.

ताई : माझ्या शपथा नको घेऊस. वाजव मग. आत्ता. रोज वाजवतोस तसं. पान बावीस.

(तो गिटार मांडीवर घेतो. एक ओळ वाजवतो, थांबतो, पुन्हा तीच वाजवतो.)

ताई : हे नको. रोजचं.

धाकटा : रोजचंच आहे.

ताई : नाहीये.

धाकटा : थांब, थांब. पायाने ठेका धरतो. मोजून वाजवतो. सगळे सारखे... सारखे...

ताई : पुन्हा घे.

धाकटा : घेतो. हं.

ताई : अरे, सरळ वाजव ना! इतकी वर्षं घोटलंस ते एका दुपारात कसं जाईल?

धाकटा : होत नाहीये, ताई. मी सारखं वाजवायला जातो आणि बोट आपोआप मागे राहतं. एकदाच ऐकलं मी. शपथ... एकदाच. आता तसं येतच नाही. ऐकलेलं पुसायचं कसं? ठेवू का खाली?

ताई : नको. वाजव.

धाकटा : तू रडतेयस.

ताई : तू खाली बघून वाजव. माझ्याकडे बघू नकोस. आणि मध्ये थांबू नकोस आता. शेवटपर्यंत जा.

(तो मान खाली घालून वाजवत राहतो.)

ताई : इथे. इथे तो असाच मागे राहायचा. जेवायला हाक मारली की ‘आलोच’ म्हणायचा, आणि यायचा नाही. अन्न निवून जायचं. मी चिडून दारात जाऊन उभी राहायचे, आणि तो ह्याच सुरावर रेंगाळत माझ्याकडे बघून हसायचा, मेला.

धाकटा : संपलं, ताई. एवढंच आहे ते.

ताई : ठेव खाली आता.

धाकटा : ठेवली. हे बघ, ठेवली. ताई, मी उद्यापासून वाजवतच नाही. गिटार विकून टाकू. मिस्त्रींनाच देऊन टाकतो.

ताई : खोलीला खिडकी आहे का?

धाकटा : कुठल्या?

ताई : मिस्त्रीच्या. कारखान्यामागच्या.

धाकटा : आहे म्हणाले. मी पाहिली नाही.

ताई : ती घे.

धाकटा : अगं, पण मी म्हणतोय ना, वाजवत नाही! कायमचं सोडतो!

ताई : ऐक माझं. आत्ता तू वाजवत होतास ना, तेव्हा मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. छातीतलं कुणीतरी ओझं उतरवून घेतल्यासारखं. आणि मग माझी नजर तुझ्या हातांवर गेली. त्याच हातांकडून मला हे सुख घ्यायचं नाही. मी पुन्हा मागेन रे. मला माहीत आहे माझं. उद्या तू गप्प बसलास तरी मी म्हणेन, वाजव. रोज म्हणेन. आणि रोज त्या हातांकडे बघेन. एक दिवस त्या इस्त्रीने भाजून काढेन ते.

धाकटा : तू घालवतेयस मला.

ताई : हो. घालवतेय. खोटं कशाला बोलू? पण रागाने नाही. राग होता तोवर तू इथे राहू शकत होतास.

धाकटा : आजच जाऊ?

ताई : उजेड आहे तोवर गेलास तर बरं. ती दोन खोकी पण ने. स्टूल घे, जपून चढ. मला नुसती ती बघायची सुद्धा नाहीत. ऐक मिस्त्रीकडे बसून, सहा महिने काय, वर्षभर ऐक. नीट शीक. चुकीचं शिकवून ठेवलं मी तुला.

धाकटा : शिकवलं कुठे? तू कागद दिलेस.

ताई : तेच ते. जेवून जा.

धाकटा : नाही जाणार घशाखाली.

ताई : मग डबा भरून देते. झाकण सैल आहे, आडवा नको धरूस. आणि त्या मिस्त्रीकडे भुशात झोपू नकोस, खोकला होतो तुला. सतरंजी ने.

धाकटा : ताई, मी अधूनमधून येऊ? गिटार न घेता येईन. नुसता.

ताई : घराची किल्ली राहू दे इथे. येशील तेव्हा बेल वाजव.